पागोळ्या कुठं पडतील?

गणपतीच्या सुट्टीला घरी जाताना स्वारगेटच्या एसटीत मी रात्रभर एक प्लास्टिकची नळी मांडीवर आडवी धरून बसले होते. शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं, वर का नाही ठेवत गं. पण कुंभार्ली घाटात गाडी वळली की वरच्या सगळ्या पिशव्या एकमेकींवर आदळतात आणि नळीत माझी शीट होती, ए-टू साइजची, आमच्या घराचं रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर घराचं मॉडेल करून त्यावरून काढलेलं चित्र. आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला ॲडव्हान्स्ड मॉडेलिंग आणि रेंडरिंग हे इलेक्टिव्ह घेतलं होतं, त्यातलं पहिलंच असाइनमेंट होतं की तुम्हाला नीट माहीत असलेली एक इमारत घ्या आणि ती अशी बनवा की बघणाऱ्याला फोटो वाटला पाहिजे. मला नीट माहीत असलेली इमारत एकच, संगमेश्वरजवळचं आमचं घर, आजोबांनी आणि बाबांनी स्वतःच्या हातांनी चिरा चढवून बांधलेलं. ज्युरीला, म्हणजे काम तपासायला, आलेले बाहेरचे सर बाकीच्यांच्या शीटसमोर मिनिटभर थांबत होते, माझ्यासमोर बराच वेळ थांबले आणि म्हणाले, काय लाईट पकडलाय. मग ती शीट आठ दिवस कॉरिडॉरच्या बोर्डावर होती. तीच काढून घरी नेत होते.

बाबा संध्याकाळी कामावरून आले, पाय धुतले, पंच्याला हात पुसले आणि ओटीवर बसले. मी शीट उलगडली, एका कोपऱ्यावर तांब्या, एकावर पाट, बाकीचे दोन मी धरले. आई "अगो बाई, आपलंच घर" म्हणून हसली. बाबांनी मात्र कितीतरी वेळ काहीच म्हटलं नाही. वाकून बघत होते. मग भिंतीच्या खाली, जोत्यापाशी बोट ठेवलं आणि विचारलं, "पागोळ्या कुठं पडतील गो ह्याच्या?"

मी म्हटलं, बाबा, हे रेंडर आहे, ह्यात पाऊस नाहीये.

"बरं," म्हणाले आणि चहाला आत गेले.

बाहेर तेव्हाही पाऊस चालूच होता. आम्ही बसलो होतो त्या ओटीच्या पुढं, पडवीच्याही पुढं, छपराच्या कडेवरून पाण्याच्या धारा सुटल्या होत्या, एकसारख्या अंतरानं, कौलाच्या प्रत्येक पन्हळीतून एक. त्या जोत्यापासून चांगल्या लांब मातीत पडत होत्या. आणि माझ्या शीटमधल्या घरात त्या धारा बरोब्बर जोत्याच्या कडेवर आणि पायरीवर पडल्या असत्या, कारण मी छप्पर कापलं होतं.

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आमच्या पडवीचं पाखं भिंतीच्या पुढं साडेतीन फूट खाली ओढलेलं आहे. मॉडेल करताना मी पहिल्यांदा ते तसंच केलं, मापं आईकडून फोनवर घेतली होती, तिनं टेप धरून एकेक सांगितलेलं. पण रेंडर मारलं तर मागची सगळी भिंत काळी. ज्या जांभ्याच्या मटेरियलवर मी सहा दिवस घालवले होते, त्याची भोकं, त्याचा तो भाजलेला लाल-पिवळा रंग, काहीच दिसेना. मग रात्री दीड वाजता मी कौलांच्या ॲरेमधला, म्हणजे कौलांच्या किती ओळी मांडायच्या तो, आकडा दोननं कमी केला. बास, एवढंच. कौलांच्या दोन ओळी गेल्या, वाशांची टोकं आत ओढून घेतली, सकाळचं तिरपं ऊन सरळ भिंतीवर आलं आणि भिंत अशी काही उजळली की मी रूममेटला झोपेतून उठवून दाखवली. सरांनी कौतुक केलं तो लाईट हाच. बाबांना ही दोन ओळींची चोरी दोन मिनिटांत सापडली, आणि त्यांनी तिला चोरीसुद्धा म्हटलं नाही, फक्त पाण्याचं विचारलं.

ह्या विषयाच्या पहिल्या तासाला मॅडमनी आम्हाला एक किटली दाखवली होती. 1975 साली युटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल नावाच्या माणसाला कॉम्प्युटरवर दाखवायला एखादी रोजची पण वळणदार वस्तू हवी होती, बायकोनं घरातली चहाची किटली सुचवली, त्यानं ती आलेख कागदावर काढली आणि आकडे मशीनला दिले. पुढं जगभर जो कोणी नवीन रेंडरिंगची पद्धत शोधेल तो तिच्यावर करून बघायला लागला, इतकी ती सोयीची, स्वतःचीच सावली स्वतःवर पडते, तोटी आहे, कान आहे, फुगीर पोट आहे. खरी किटली आज कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये आहे. मॅडम म्हणाल्या, सगळ्यात पहिल्या आकड्यांमध्ये किटलीला बूड नव्हतं, 28 तुकड्यांची किटली, बुडाचे तुकडे नंतर कुणीतरी जोडले. वर्ग हसला. मीही हसले. तेव्हा वाटलं की बरोबरच आहे, दिसत नाही ते कशाला करायचं. आमच्या ह्या सगळ्या शिक्षणात ते वाक्य रोज कानावर पडतं, कॅमेऱ्यात येत नाही ना, मग मॉडेल करू नकोस, मेश, म्हणजे मॉडेलची जाळी, जड होईल, फाईल हँग होईल. ते खोटं नाही, वेळ वाचतो, लॅपटॉप वाचतो. पण सवय लागते. दिसणारं तेवढं खरं धरायची सवय.

तरी ह्याच विषयानं मला जेवढं बघायला लावलं तेवढं आधीच्या तीन वर्षांत कशानंच लावलं नव्हतं, हेही तितकंच खरं. पहिल्या महिन्यात सगळ्यांची मॉडेल्स प्लास्टिकची वाटायची आणि का ते कळायचं नाही. मग कळलं की आपण काढलेली प्रत्येक कड सुरीसारखी धारदार असते आणि जगात अशी कड कुठंच नसते. दाराची चौकट, पायरी, टेबल, सगळ्यांच्या कडा एक-दोन मिलीमीटर तरी झिजलेल्या असतात आणि त्या झिजेवर उजेडाची एक बारीक रेघ बसते. कडेला तशी बारीक झीज, म्हणजे बेव्हल, दिलं की वस्तूला एकदम वजन येतं. सूर्याचंही तसंच, तो ठिपका नाही, आकाशात साधारण अर्धा अंश रुंद दिसणारी तबकडी आहे, म्हणून सावलीची कड पायाशी रेखीव आणि लांब गेली की मऊ. सॉफ्टवेअरमध्ये सूर्याच्या दिव्याला तो कोन आधीच भरलेला असतो, 0.526. तो आकडा बघितल्यापासून मी हॉस्टेलच्या गॅलरीत उभी राहून खांबांच्या सावल्या बघायचे, खालच्या टोकाला कशा आणि वरच्या टोकाला कशा. रस्त्यानं चालताना ओल्या डांबराचा रफनेस किती असेल ह्याचा अंदाज बांधायचे. मैत्रिणी म्हणायच्या चल ना, आणि मी कुठल्यातरी पत्र्याच्या गंजाचा फोटो काढत उभी.

आणि एवढं बघूनही मला माझ्या घराचं छप्पर कशासाठी आहे ते दिसलं नाही.

सुट्टीत त्या "बरं"नं मला नीट झोप लागू दिली नाही. आरतीला टाळ वाजवताना तेच, मोदक वळताना तेच. तिसऱ्या दिवशी जरा उघडीप झाली, ढग होतेच पण पाऊस थांबला. म्हटलं चिऱ्यांचे फोटो काढून घेऊ, कारण टेक्स्चरसाठी, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या फोटोसाठी, असला ढगाळ उजेडच लागतो, ऊन असेल तर सावल्या फोटोतच भाजल्या जातात आणि मग मॉडेलमध्ये दुसरीकडून ऊन टाकलं की दोन दोन सूर्य असल्यासारखं दिसतं. पहिल्या वेळी मी जांभ्याचं फुकटातलं टेक्स्चर डाउनलोड केलं होतं. त्यातही बाबांना दुसऱ्या नजरेत दिसलं होतं, ते मला आईनं नंतर सांगितलं, म्हणाले "तिनं एकच चिरा सगळीकडं लावलाय." टाइल रिपीट झालेली, दर चौथ्या चिऱ्यावर तेच तीन भोकांचं तोंड. मी मोबाईल घेऊन भिंतीला नाक लावून एकेक चिरा टिपत होते तर बाबा मागं येऊन उभे राहिले आणि बोलायला लागले. ते एरवी कामाबद्दल फार बोलत नाहीत. हा चिरा खालच्या थरातला, भोकं मोठी आणि मऊ, हा आतल्या भिंतीला चालतो. हा वरचा, ह्याला हवा लागली की टणक होतो, तासताना कुऱ्हाडीला कसा वाटतो ते सांगितलं. खाणीतून निघतो तेव्हा जांभा ओलसर, मऊ असतो, उघड्यावर राहिला की घट्ट होत जातो, हे मी मटेरियल्सच्या पेपरात लिहिलेलं होतं. पण पश्चिमेच्या भिंतीचे चिरे काळे का आणि पूर्वेचे लाल का, हे मला त्या दिवशी कळलं. पश्चिमेकडून झड लागते. म्हणून तिथं पावसाळ्यात झापं बांधायची. आजोबांनी तिकडचं पाखं अजून खाली आणलं, एवढं की वाकून जावं लागतं. मी लहानपणी त्या वाशाला किती वेळा डोकं आपटून घेतलंय. मला वाटायचं घर जुनं म्हणून ठेंगणं.

आमच्याकडं वर्षाला 3000 मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. जवळजवळ सगळा चार महिन्यांत. ते पाणी कौलांवरून घसरत येतं आणि कडेला येऊन सुटतं, आणि ते कुठं सुटणार हे ज्यानं वाशाची लांबी ठरवली त्यानं ठरवलेलं असतं. जोत्यावर पडलं तर तुषार भिंतीवर उडणार, लाल चिखलाचा पट्टा चढणार, चिऱ्याच्या सांध्यात ओल शिरणार, दोन-चार पावसाळ्यांत जोतं खचायला लागणार. बाबांनी मला हे एवढ्या शब्दांत सांगितलं नाही. त्यांनी नुसतं अंगणाकडं बोट केलं. छपराच्या कडेखाली मातीत बारक्या खळग्यांची ओळ पडली होती, पागोळ्यांनी खणलेली, माती वाहून जाऊन आत धुतलेले खडे उघडे पडलेले. मी वाकून मोजली. प्रत्येक खळगा कौलाच्या पन्हळीखाली. छप्पर पुसून टाकलं असतं तरी त्या ओळीवरून कौलं मोजता आली असती.

पुण्याला परत आल्यावर मी फाईल उघडली आणि ॲरेचा आकडा परत दोननं वाढवला. भिंत परत काळी. आता काय, छप्पर तर कापायचं नाही. मग मी पहिल्यांदा स्वतःला विचारलं जे महिन्याभरापूर्वी विचारायला हवं होतं, की खऱ्या ओटीवर अंधार असतो का? नसतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्याकडं सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, माणसाची सावली पायाखाली जाते, पडवीत उन्हाची एक तिरीप येत नाही. आणि त्या वेळी आजी ओटीवर बसून सुपात तांदूळ निवडायची, चष्म्याशिवाय. तिचा चेहरा मला आठवतो तो खालून उजळलेला. हनुवटी, नाकाखालचा भाग, भुवयांच्या खालची जागा, सगळं लालसर आणि मऊ. उजेड खळ्यातून, म्हणजे पुढच्या अंगणातून, यायचा. सारवलेली तापलेली जमीन तो वर फेकायची, तो कौलांच्या पोटाला लागायचा, तिथून भिंतीवर, भिंतीवरून तिच्या सुपात. आम्ही त्या उजेडात वाढलो. त्याला मला नावही ठेवता आलं नसतं.

त्याला नाव आहे आणि ते आम्हाला दुसऱ्याच आठवड्यात शिकवलं होतं. 1986 मध्ये जिम काजियानं रेंडरिंगचं समीकरण मांडलं, फळ्यावर एका ओळीत मावतं. एखाद्या बिंदूतून जो उजेड आपल्याकडं येतो तो म्हणजे त्याचा स्वतःचा, अधिक सगळ्या दिशांनी त्याच्यावर येऊन परत उडालेला. पण तो येणारा उजेडही दुसऱ्या कुठल्या बिंदूवरून उडालेलाच असतो, त्यामुळं एक भिंत सोडवायची तर आख्खी खोली सोडवावी लागते. त्याच्या आधी दोन वर्षं, 1984 मध्ये, कॉर्नेल विद्यापीठात काही लोकांनी एक साधी पेटी मांडून तिच्यावर उजेडाचं गणित करून बघितलं, मागची भिंत पांढरी, बाजूच्या दोन रंगीत, आणि पांढऱ्यावर शेजारच्या भिंतीचा रंग झिरपलेला दिसला. मी परीक्षेत त्या पेटीची आकृती काढली होती. तिच्यातली लाल भिंत म्हणजे आमचं खळं, हे तेव्हा सुचलं नाही.

सेटिंग्ज उघडून बघितली तर सगळं तिथंच लिहिलेलं. सायकल्समध्ये, म्हणजे ब्लेंडर सॉफ्टवेअरच्या रेंडर करणाऱ्या भागात, डिफ्यूज बाउन्स म्हणजे उजेडानं किती उड्या मारायच्या ते, मूळ आकडा 4 असतो. सबमिशनच्या गडबडीत मी तो 1 केला होता, कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलेलं की असं केलं की रेंडर फास्ट होतं. शिवाय अंगणात गडद हिरवं गवत टाकलेलं, तेही रेडीमेड, दिसायला छान म्हणून, आणि ते गवत उजेड परत देणार किती. म्हणजे छपरानं अंधार केलाच नव्हता. उजेडाला जमिनीवरून कौलाच्या पोटाला आणि तिथून आत ओटीच्या भिंतीला जायला ज्या उड्या लागतात त्या मी कापल्या होत्या, आणि मग भिंत काळी पडली म्हणून बाबांचं छप्पर कापलं. हे कळलं तेव्हा लॅबमध्ये आजूबाजूला सगळे होते म्हणून बरं, डोळ्यात पाणी आलं होतं.

गवत काढलं. माती केली, उघडिपीतली, ओलसर लाल. बाउन्स 8 केले. आता प्रश्न नॉईजचा, कारण असा फिरून फिरून येणारा उजेड मशीन अंदाजानं गोळा करतं, लाखो किरण इकडं तिकडं सोडून, आणि कमी सोडले तर चित्रावर रवा सांडल्यासारखं दिसतं. हा रवा निम्मा करायचा तर किरण दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात. परत निम्मा करायचा तर परत चौपट. लॅपटॉप स्टुलावर, खाली दोन पुस्तकं घालून हवा लागेल असा, वरून पंखा त्याच्याकडं वळवलेला, आणि आम्ही दोघी भिंतीकडं तोंड करून झोपायचो कारण स्क्रीन बंद झाली तर रेंडर थांबेल अशी भीती. ती भीती खोटी आहे पण हॉस्टेलमध्ये सगळ्यांना असते. पहाटे चारला उठून बघितलं तर ओटी भरून आलेली. म्हणजे अजून दाणेदार होती, पण कौलांच्या पोटाला तांबूस उजेड होता आणि आतल्या भिंतीवर चिरे एकेक करून वर येत होते, प्रत्येक वेगळा, आमचेच. दाणे पुसणारा डिनॉइजर मी तिथं वापरला नाही, तो दाण्यांबरोबर चिऱ्याची भोकंही पुसतो. एक गोष्ट शेवटपर्यंत जमली नाही. उघडिपीत अंगणातल्या डबक्यावर ऊन पडलं की वाशांवर उजेडाची जाळी हलत असते, लहानपणी आम्ही आडवं पडून ती बघत राहायचो. पाण्यावरून गोळा होऊन येणारा तो उजेड अशा पद्धतीनं पकडणं फार अवघड जातं, मशीन रात्रभर शोधत राहतं आणि हाती नुसते पांढरे ठिपके लागतात. मी सोडून दिलं. अजून हळहळ वाटते.

शेवटच्या ज्युरीला ही शीट लावली. मार्क चांगले पडले, पण कुणी काय लाईट पकडलाय असं म्हटलं नाही, आणि एका सरांनी तर विचारलं की आधीचं जास्त उठावदार होतं, हे एवढं दबकं का केलंस. मी पाखं आणि पागोळ्यांचं सांगितलं, त्यांनी नीट ऐकून घेतलं, म्हणाले साइटचा विचार चांगला आहे. मला वाईट वाटलं हे कबूल करते. आणि हेही कबूल करते की पहिलं चित्र मला अजून आवडतं, ते सकाळचं सोनेरी ऊन अंगावर घेतलेली भिंत बघितली की अजून छाती भरून येते, फक्त ते आमचं घर नाही. उद्या मी नोकरीला लागेन तेव्हा माझ्याकडून रोज असलीच चित्रं मागितली जातील, बिल्डरच्या ब्रोशरला, ऊन अंगावर घेतलेल्या भिंती, आणि त्या बघून कुणीतरी आयुष्यभराचे पैसे घालेल. तेव्हा मी कौलांच्या किती ओळी काढेन? काढायला एक सेकंद लागतो, हे मला आता माहीत आहे.

दिवाळीला घरी गेले तेव्हा शीट नेली नाही, लॅपटॉपच नेला. संध्याकाळी बाबा ओटीवर बसले, मी फाईल उघडून त्यांच्या मांडीवर दिली. त्यांनी आधी छप्पर बघितलं. मग नजर खाली आणली आणि हसले, कारण मी खळग्यांची ओळ केली होती, डिस्प्लेसमेंटनं, म्हणजे मॉडेलची जमीन तेवढी खाली दाबून, गणपतीत मोजून आणलेल्या अंतरावर. बोटानं स्क्रीनवर एकेक खळगा मोजत कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथं थांबले.

"ह्यो मोठा पायजे. दोन पाख्यांचं पाणी मिळतं इथं."

"किती खोल?" मी विचारलं आणि बघायला म्हणून अंगणाकडं वळले, पण दिवाळीसाठी खळं नव्यानं चोपून, सारवून झालेलं, एकही खळगा शिल्लक नव्हता. बाबांनी पहिलं बोट वर करून दाखवलं, अंगठा त्याच्या दुसऱ्या पेरावर टेकवून. "एवढा. श्रावणात एवढा असतो."

मी आईच्या शिवणाच्या डब्यातली पट्टी आणली, त्यांचा हात धरला आणि बोटाच्या टोकापासून दुसऱ्या पेरापर्यंत मोजलं. सिमेंटनं चरे पडलेलं बोट, नखाशी पांढरं झालेलं. 52 मिलीमीटर भरलं. मी लॅपटॉप परत माझ्याकडं ओढला आणि आकडा टाकला.